घरची पेल एल अचानक कडूजहर का लागतेय?

सातूचं पीठ

नमस्कार मंडळी. इथे विरजणापासून कोंबुचापर्यंत सगळ्या आंबवण्याचे धागे आहेत, तेव्हा घरच्या बिअरचाही एक चालून जाईल असं धरते.

न्यू जर्सीत असताना मी घरी पेल एल करायचे. साधी, सोनेरी, घरी आलेल्यांनी दुसरा ग्लास मागावा अशी. मग मेलबर्नला बदली झाली, इथे हळूहळू सामान जमवलं, तीच वही काढली, तीच रेसिपी केली आणि बिअर कडू. आयपीए असते तशी कडू नाही हो, ती मी आवडीने पिते. ही वासाला अप्रतिम आहे, पॅशनफ्रूट आणि पीचचा घमघमाट. पहिला घोटही ठीक जातो. पण गिळलं की जिभेच्या मुळाशी जे काही चढतं ते पुढचे चार घास खाल्ल्याशिवाय उतरत नाही. नवरा म्हणतो, बाटल्यांवर "सर्दी-खोकल्यावर" अशी चिठ्ठी लाव. एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण पुढची बॅचही तशीच निघाली.

कृती थोडक्यात:
पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) ४.४ किलो, मध्यम क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम. पिशवीत घालून ६६ अंशांना एक तास मॅश (गरम पाण्यात मुरवणं). मग पिशवी उचलून पिळून घेते.
एक तास उकळी. सुरुवातीला मॅग्नम हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) १५ ग्रॅम, शेवटची दहा मिनिटं उरली की सुगंधी हॉप्स ३० ग्रॅम, गॅस बंद (म्हणजे इथे इलेक्ट्रिक अर्न बंद) केल्यावर आणखी ४० ग्रॅम.
हाताशी २० लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (रसातल्या साखरेचं माप) १.०५०, शेवटची १.०११. यूएस-०५ यीस्ट, १८-१९ अंश.

स्वच्छतेत कसूर नाही. आंबट नाही, औषधी वास नाही. फक्त कडू. कुठून शोधायला सुरुवात करू?

कडूकारलं

बिअर कडू नाही लागणार तर काय श्रीखंड लागणार?

मुळामुठा

वर आयडी "कडूकारलं", आणि प्रतिसाद हा. धाग्याचं सोनं झालं.

जाडंभरडं

सातूताई, आधी एकाच गोष्टीचा निकाल लावा: कडू आहे की तुरट? घोट घ्या, गिळा, आणि जीभ वरच्या दातांच्या मागून फिरवा. दात खरखरीत लागले, हिरड्या आवळल्या, सुपारी खाल्ल्यावर होतं तसं तोंड कोरडं पडलं, तर ते टॅनिन. ते माल्टच्या फोलपटातून येतं. तोंड ओलं आहे आणि नुसतं घशाजवळ कडू आहे, तर हॉप्स किंवा यीस्ट. बरेच जण दोन्हीला सरसकट कडूच म्हणतात आणि मग आठवडेच्या आठवडे भलत्या ठिकाणी खणत बसतात.

दुसरं, एक बाटली फ्रीजमध्ये आठवडाभर उभी ठेवा, हलवू नका. मग वरचा नितळ भाग एका ग्लासात आणि तळाचा साका हलवून दुसऱ्यात. बिअरमध्ये तरंगणारं यीस्ट चांगलंच कडू लागतं, शिवाय हॉप्सची राळ त्याला चिकटून खाली बसते. नितळ ग्लास गोड निघाला तर तुम्हाला फक्त धीर धरायचा आहे.

पिशवी पिळण्याबद्दल आता कोणीतरी येऊन ओरडेल. ओरडू द्या. पिळल्याने टॅनिन सुटतं ही दंतकथा आहे. मॅशचा पीएच ६ च्या दिशेने चढला आणि त्यात पाणी ७७-७८ अंशांच्या वर गेलं, की फोलपटातून टॅनिन सुटतं. हाताच्या जोराने नाही.

क्षारपड

पाण्याचं सांगा. न्यू जर्सी ते मेलबर्न म्हणजे पाणी पार बदललं. मेलबर्नचं बरंचसं पाणी यारा खोऱ्याच्या राखीव जंगलातून येतं आणि ते अतिशय मऊ असतं, क्षार जवळपास नाहीतच. त्यामुळे टॅनिनचा संशय मी तरी खालीच ठेवीन. पण मऊ पाणी म्हटलं की दुकानवाले जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घाला म्हणून सांगतात. तुम्ही घालता का, आणि किती? सल्फेट वाढलं की हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि टोकदार होतो. क्लोराइड वाढलं की माल्ट पुढे येतो, तोंडात भरीव लागतं. बर्टन-ऑन-ट्रेंटच्या एल इतक्या खणखणीत का लागायच्या, तर तिथल्या विहिरीच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या घरात.

मी म्युनिकला राहतो, इथे उलटं रडगाणं आहे. पाण्यात कार्बोनेट भरपूर. म्हणून इथे शतकानुशतके काळपट डुंकेल बिअर झाली. भाजलेला माल्ट आम्लधर्मी असतो, तो पाण्याला सांभाळून घेतो. फिकट हेलेस स्पाटनने बाजारात आणली ती १८९४ मध्ये. पाण्याचं काय करायचं हे कळल्यावर.

सातूचं पीठ

जाडंभरडंदादा, क्षारपड, आभार.

दातांची परीक्षा केली. खरखर नाही, तोंड ओलंच राहतं. घशाजवळ मात्र ठाण मांडून बसतं.

जिप्सम चार ग्रॅम घालते, पाणी एकूण २८ लिटर. बाटली फ्रीजमध्ये उभी केली आहे.

क्षारपड

चार ग्रॅम २८ लिटरला म्हणजे सल्फेट ८० मिलिग्रॅमच्या आसपास. पेल एलला हे कमीच म्हणायचं. धार येईल, काढा होणार नाही. माझा संशयित सुटला.

टेक्सासचा उकाडा

मध्येच घुसतो, माफ करा. वरची दातांची परीक्षा वाचली आणि फ्रीजमधली माझी ब्लाँड एल काढून करून पाहिली. दात सँडपेपर झाले! मी सॅन अँटोनिओत. माझं कडू नसून तुरट आहे तर. हॉप्स कमी कमी करत आता जवळपास नाहीतच अशा ठिकाणी आलोय आणि तरी फरक पडत नव्हता. वेगळा धागा काढू का?

क्षारपड

नको, इथेच बोलू. सॅन अँटोनिओ म्हणजे एडवर्ड्स ॲक्विफर, चुनखडीतून आलेलं पाणी. बायकार्बोनेट किती ते पाणीपुरवठ्याच्या अहवालात बघा. आणि मॅशनंतर उरलेली साखर काढायला धान्य धुताना पाणी किती गरम घेता, शेवटपर्यंत ओतत राहता का, तेही लिहा.

वेलांटी

सातूताई, दोन प्रश्न. सुगंधी हॉप्स जर्सीत कोणते होते आणि आता कोणते? पॅशनफ्रूट आणि पीच म्हणालात म्हणून विचारतेय. आणि उकळीनंतर वर्ट (माल्टचा गोड रस) थंड कसं करता?

सातूचं पीठ

जर्सीत कॅस्केड वापरायचे. इथे ताजं कॅस्केड मिळालं नाही, दुकानातल्या पोराने गॅलेक्सी दिलं, म्हणाला इथलंच आहे, पेल एलला झकास. तेवढ्याच वजनाचं घातलं.

थंड करायला तिकडे तांब्याची कॉइल होती, बदलीच्या वेळी मित्राला दिली. इथे सगळे करतात तसं करते: उकळतं वर्ट थेट जाड प्लास्टिकच्या क्यूबमध्ये, झाकण घट्ट, आडवा करून ठेवायचा म्हणजे झाकणही भाजून निघतं, आणि रात्रभर आपोआप गार. पाणी वाया जात नाही. सकाळी यीस्ट. इकडच्या जुन्या लोकांनी सांगितलं की दुष्काळाच्या वर्षांत ही रीत फोफावली.

बाय द वे, बाटलीचा निकाल: नितळ ग्लास कडू, साक्याचा ग्लास थोडा अधिक कडू. म्हणजे यीस्ट मुख्य आरोपी नाही.

वेलांटी

मग सापडलं. दोन गोष्टी एकावर एक चढल्या आहेत. जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

हॉप्समध्ये अल्फा ॲसिड असतात. ती मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि कडूही फार लागत नाहीत. उकळीत त्यांची रचना बदलते, आयसो-अल्फा ॲसिड तयार होतात, आणि बिअरचा कडूपणा म्हणजे मुख्यतः तीच. म्हणून सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात आणि शेवटी घातलेले सुगंध देतात, असं आपण पाठ केलेलं असतं. ते खरं आहे, पण एका अटीवर: शेवटचे हॉप्स घातल्यावर वर्ट झटपट गार झालं पाहिजे. रूपांतर घड्याळ बघून थांबत नाही. वर्ट गरम आहे तोवर चालू राहतं. १०० अंशांना जो वेग असतो तो ९० ला निम्म्याहून कमी होतो, ८० ला साधारण सहावा हिस्सा उरतो. कमी होतो, शून्य होत नाही. तुमच्या क्यूबमधलं वर्ट किती वेळ त्या पट्ट्यात असतं याचा विचार करा.

कॉइल असताना तुमचे गॅस बंद केल्यावरचे ४० ग्रॅम पाच-दहा मिनिटांत ऐंशीच्या खाली जायचे. कडूपणात त्यांचा वाटा नगण्य. आता तेच ४० ग्रॅम क्यूबमध्ये वर्टबरोबर जातात आणि निवांत शिजत बसतात. क्यूबवाले लोक ढोबळ नियम सांगतात की प्रत्येक हॉपची वेळ १५ ते २० मिनिटं वाढवून हिशोब करा. १५ धरू.

आता कॅस्केड आणि गॅलेक्सी. कॅस्केडचं अल्फा साडेपाच टक्क्यांच्या आसपास. गॅलेक्सीचं चौदा. वजन तेच ठेवलंत म्हणजे कडूपणाचा कच्चा माल अडीचपट ओतलात. पाकिटावर अल्फा छापलेलं असतं, दरवर्षीच्या पिकाला वेगळं असतं, ते वाचायचं.

टिन्सेथच्या सूत्राने (हॉप्सचं वजन, अल्फा आणि वेळ यावरून कडूपणाचा अंदाज देणारं), २० लिटर आणि १.०५० ला:

जर्सी: मॅग्नम (१२ टक्के धरून) २१, दहा मिनिटांचं कॅस्केड ७, शेवटचं कॅस्केड शून्य. एकूण २८ आयबीयू (कडूपणाचं एकक).
मेलबर्न: मॅग्नम २२, दहाचं गॅलेक्सी आता पंचवीसचं झालं म्हणून ३४, शेवटचं गॅलेक्सी पंधराचं झालं म्हणून ३२. एकूण ८८.

त्याच रेसिपीत, त्याच वजनात तिप्पट कडूपणा. आणि १.०५० च्या बिअरला ८८ म्हणजे पाठीमागे माल्टचा आधारच नाही. नुसत्या क्यूबने, कॅस्केड तेच ठेवलं असतं, तरी ४८ झाले असते. नुसत्या गॅलेक्सीने, कॉइल ठेवून, ३८. एकेकटं झालं असतं तर तुम्ही "जरा कडक झालीय" म्हणून पिऊन टाकली असती.

जाडंभरडं

वेलांटीताई, गॅलेक्सीचं शंभर टक्के मान्य. पंधरा मिनिटांच्या नियमावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. क्यूबमध्ये हॉप्सचा सगळा चोथा जातच नाही. अर्नच्या तळाशी साक्यात बराच राहतो. तो चोथा मागे राहिला तर पुढे शिजणार काय? आणि टिन्सेथचं सूत्र एका माणसाने स्वतःच्या भांड्यावर बसवलेलं आहे. तुमच्या ८८ च्या जागी प्रयोगशाळेत ५५ निघाले तरी मला नवल वाटणार नाही.

वेलांटी

आकडा शब्दशः घेऊ नका, हे कबूल. सूत्र हे तुलनेला वापरायचं, न्यायालयात सादर करायला नाही. पण चोथा मागे राहिला तरी जी अल्फा ॲसिड वर्टमध्ये उतरलेली आहेत ती क्यूबमध्येही रूपांतरित होत राहतात. आणि पेलेट्स (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) असतील तर त्यांचा भुगा होतो, चोथा मागे राहतो म्हणता म्हणता निम्मा नळीतून जातो. सातूताई, गाळणी लावता का?

सातूचं पीठ

नाही. नळ उघडायचा आणि क्यूब भरायचा. तळाला हिरवट गाळ दिसतो खरा.

मला हा वाद आकड्यावर सोडवायचा होता म्हणून रविवारी नुसतं २० लिटर पाणी उकळून क्यूबमध्ये भरलं. स्वयंपाकाच्या थर्मामीटरची तार झाकणाच्या छोट्या भोकातून आत सोडली, वर टेप मारला. (या झाकणाचा आता बळी गेला, नवीन आणावं लागेल.) भरल्यावर ९६. अर्ध्या तासाने ८९. तासाभराने ८२. दीड तासाने ७६. सुरुवातीला क्यूबच्या बाजू फुगलेल्या असतात, हात लावला तर डबा थरथरल्यासारखा वाटतो, आणि गार व्हायला लागला की एकेक बाजू ठक्क आवाज करत आत जाते. मुलगा प्रत्येक ठक्कला टाळ्या वाजवत होता.

म्हणजे ८० च्या वर तासाहून अधिक. वेलांटीताईचा मुद्दा मला तरी पटला.

जाडंभरडं

बरं. पहिल्या अर्ध्या तासात सरासरी वेग साधारण निम्मा आणि पुढच्या अर्ध्यात पाव म्हटलं, तर वीसेक मिनिटांची उकळी होते. नियम बरोबर निघाला, मी माझा शब्द मागे घेतो. तरी ती गाळणी लावाच. चोथा क्यूबमध्ये राहिला की गवतासारखी चवही येते.

मुळामुठा

एवढं वाचून हात शिवशिवतायत. पुण्यात घरी करता येईल का? माल्ट, हॉप्स ऑनलाइन दिसतात.

जाडंभरडं

सामान दिसतं म्हणून परवानगी आहे असं नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, मद्य बनवायला परवाना लागतो, आणि घरगुती हौसेसाठी तसा परवाना नाही. अमेरिकेतही फार जुनी गोष्ट नाही. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी सही केली, १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, आणि अलाबामा, मिसिसिपीने २०१३ पर्यंत अडवून धरलं होतं. तुम्ही पुण्यात आहात तर मायक्रोब्रुअरीत जाऊन बसा. २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हापासून तिथे ताज्या बिअरला तोटा नाही. ब्रुअरला गाठून हॉप्सचे प्रश्न विचारा, गर्दी नसली तर हौसेने बोलतात.

मुळामुठा

ठीक. तोवर या धाग्यावर मानसिक बिअर.

टेक्सासचा उकाडा

अहवाल मिळाला. बायकार्बोनेट २५० च्या आसपास. धान्य धुण्याचं पाणी मी उकळूनच घेत होतो, साखर जास्त सुटावी म्हणून, आणि भांडं भरेपर्यंत ओतत होतो. शेवटी निघणारं पाणी चहाच्या फिकट पाण्यासारखं, गोडी जवळपास नाही. ऑफिसातल्या एकाकडून पीएच मीटर आणलं. मॅश ५.९.

क्षारपड

टॅनिन काढायची कृतीच लिहिलीत तुम्ही. पाण्यात कार्बोनेट, माल्ट सगळा फिकट म्हणजे आम्ल देणारं कोणीच नाही, पीएच चढलेला, त्यात उकळतं पाणी आणि शेवटचा थेंबही सोडायचा नाही.

मॅश ५.२ ते ५.५ च्या दरम्यान आणा. सोपा मार्ग ॲसिड्युलेटेड माल्ट, म्हणजे लॅक्टिक आम्ल असलेला माल्ट. एकूण धान्याच्या एक टक्का घातला की पीएच साधारण ०.१ उतरतो. तुम्हाला पाच टक्के, म्हणजे पाच किलोला २५० ग्रॅम. धुण्याचं पाणी ७५ अंशांपर्यंतच. आणि निघणाऱ्या रसाची ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली की थांबा, उरलेलं साधं पाणी घालून माप पूर्ण करा.

नाहीतर निम्मं आरओ पाणी मिसळा. पूर्वी इथे घरगुती लोक पाणी आधी उकळून रात्रभर ठेवायचे. कार्बोनेट चुना होऊन तळाशी बसतो, वरचं पाणी हलक्या हाताने काढून घ्यायचं. तुमच्या किटलीत जो पांढरा थर जमतो ना, तोच. चालतं, पण गॅसचं बिल बघून करा.

आणि मीटर गरम मॅशमध्ये बुडवू नका. चमचाभर काढून बशीत गार करून मोजा. गरम मोजलं तर आकडा खोटा कमी दिसतो, शिवाय मीटर मरतं.

कडूकारलं

गंमत बाजूला ठेवून विचारतो. आधीच कडू झालेल्या बाटल्यांचं काय करायचं? कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, हे बिअरला लागू आहे का?

वेलांटी

अगदीच नाही. आयसो-अल्फा ॲसिड कालांतराने मोडतात, महिन्यागणिक कडूपणा उतरतो. पण गॅलेक्सीचा सुगंध त्याच्या आधी उडून जाईल, म्हणून वाट बघत बसणं हा वाईट सौदा आहे. त्यापेक्षा मिसळा. एक भाग तुमची ८८ वाली आणि तीन भाग कुठलीही १५ आयबीयूची हलकी लागर, म्हणजे ३३ च्या आसपास. ग्लासातच ओतायचं, बाटल्या उघडून मोठ्या भांड्यात एकत्र करायला जाऊ नका. हवा लागली की लवकरच ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

ग्लासात चिमटीची चिमटी मीठ टाकूनही बघा. मिठाने कडू दबतं. खारट लागेल इतकं नको.

सातूचं पीठ

इथे लोक उन्हाळ्यात बिअरमध्ये लेमोनेड ओतून शँडी करतात. आमच्या बाटल्यांची तशीच वासलात लावतोय, आणि खोटं कशाला सांगू, फार छान लागते. चाट मसाल्याचा प्रयोग नवऱ्याने केला. फेस सगळ्या टेबलावर.

पुढच्या बॅचचा आराखडा असा केलाय, तपासाल का? मॅग्नम १२ ग्रॅम सुरुवातीला. दहा मिनिटांचं काहीच नाही. गॅलेक्सी २० ग्रॅम थेट क्यूबमध्ये, बारीक जाळीच्या पिशवीत. फर्मेंटेशन संपत आलं की गॅलेक्सी ४० ग्रॅम ड्राय हॉप (न उकळता थेट फर्मेंटरमध्ये). कॉइल घेतच नाही, पाणी वाचवायची रीत मला आवडली आहे.

वेलांटी

मॅग्नमचे १७, क्यूबच्या गॅलेक्सीचे १६, एकूण ३३. झकास. ड्राय हॉपमध्ये उष्णता नसल्याने आयसो-अल्फा तयार होत नाहीत, पण तरी थोडा कडूपणा येतोच. हॉप्स साठवणीत असताना अल्फा ॲसिडचं थोडं ऑक्सिडेशन होऊन ह्युम्युलिनोन तयार होतात. ती तशीच विरघळतात आणि आयसो-अल्फाच्या साधारण दोन तृतीयांश कडू असतात. ४० ग्रॅमला घाबरायचं कारण नाही, हिशोबात थोडी जागा ठेवा इतकंच. मॅग्नम १० वर आणलंत तरी चालेल.

क्यूबचा सुगंध कमी पडला तर आणखी एक युक्ती आहे. दुसऱ्या दिवशी क्यूबमधलं तीन लिटर वर्ट पातेल्यात काढून उकळा, शेवटचे हॉप्स त्यात घाला, सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून झटकन गार करा आणि फर्मेंटरमध्ये ओता. तीन लिटरला वीस लिटरइतका वेळ लागत नाही.

जाडंभरडं

आणि ड्राय हॉप तीन दिवसांच्या वर ठेवू नका. गॅलेक्सी जास्त वेळ राहिलं की घशाला खाजवतं. बाटलीत भरायच्या आधी दोन दिवस फ्रीजमध्ये गारठवा, हॉप्सचा भुगा खाली बसतो. नवी बिअर प्यायल्यावर घसा खवखवला तर लगेच इथे येऊन पुन्हा कडूपणाचा धागा काढू नका, आठवडाभर थंडीत ठेवून मग चाखा.

शिवाय फर्मेंटरच्या भिंतीला फेस चढून तपकिरी कडं जमतं ना, ते खाली पाडू नका. ती हॉप्सची राळ असते, जिभेवर घेऊन बघा एकदा म्हणजे कळेल. काही जण फर्मेंटर गदागदा हलवतात, यीस्ट जागं करायला म्हणून. ते कडं बिअरमध्ये परत जातं.

सातूचं पीठ

बॅच झाली. मॅग्नम १० केलं, बाकी वरच्याप्रमाणे. कालच पहिली बाटली उघडली. कडूपणा आहे, पण दोन सेकंदांत उतरतो आणि मागे माल्टची बिस्किटासारखी गोडी राहते. सुगंध आधीपेक्षा थोडा कमी, तो मला चालतो. जिप्सम तसंच ठेवलंय. नवऱ्याने दुसरा ग्लास मागितला, त्याचा काढा-विनोद आता त्याच्याच अंगाशी आलाय.

कॅस्केडची ताजी पाकिटं दुकानात आली आहेत. पुढच्या वेळी क्यूबमध्ये कॅस्केड घालायचं तर २० चे किती करू?

वेलांटी

अल्फाच्या प्रमाणात. २० गुणिले १४ भागिले साडेपाच, म्हणजे ५० ग्रॅम, कडूपणा तेवढाच आणि सुगंधाला हॉप्स भरपूर. पाकिटावरचा आकडा साडेपाच नसेल तर तो घालून पुन्हा भागाकार करा.

टेक्सासचा उकाडा

ॲसिड्युलेटेड माल्ट इथल्या दुकानात संपलाय, ८८ टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड मिळालं. पाच किलो धान्याला किती घालू?

क्षारपड

एकदम ओतू नका. मॅश सुरू केल्यावर २ मिली, नीट ढवळा, दहा मिनिटांनी नमुना गार करून मोजा. मग एकेक मिली करत ५.४ पर्यंत या. किती लागलं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी सुरुवातीलाच तेवढं घालता येईल. खूपच लागायला लागलं तर थांबा, ॲसिडची चव बिअरमध्ये उतरायला लागते. मग निम्मं आरओ पाणी घ्या आणि ॲसिडही आपोआप कमी लागेल. आणि धुण्याच्या पाण्यालाही थोडं ॲसिड लागतं, ते विसरू नका. त्यातही तेच २५० बायकार्बोनेट आहे.